हळदीची खळ

वरच्या मजल्यावर इराची आंघोळ सुरू झाली, की खाली आमच्या स्वयंपाकघरात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नसे. आई भाकरी थापता थापता हात थांबवून छताकडे बघायची. आप्पा चहाची बशी तशीच ओठांशी धरून म्हणायचे, "कापत्यात का काय पोरीला!" मग मिनिटभरात वरचं दार आपटायचं, जिन्यावर अनवाणी पावलं वाजायची आणि टॉवेलात गुंडाळलेली, केस ठणठणीत कोरडे असलेली साडेतीन वर्षांची इरा आमच्या उंबऱ्यात हजर व्हायची. ती इकडेतिकडे न बघता थेट माझ्या मागं येऊन लपायची. तिच्या मागोमाग एका हातात तांब्या आणि दुसऱ्या हातात कानातून काढलेला हेडफोन घेऊन अश्विनीताई, म्हणजे तिची आई, यायची आणि आमच्या दारातच बसकण मारायची. "काकू, मी हरले," असं ती रोज म्हणायची आणि आई तिला रोज चहा द्यायची.

मी तेव्हा सातवीत होते. मुळशीतल्या आमच्या गावात भाताची खाचरं अजून शिल्लक होती, पण त्यांच्या बांधाबांधाला इमारती उभ्या राहत होत्या. आप्पांनीही रस्त्याकडेच्या जागेत तीन मजली घर बांधलं. खाली आम्ही तिघं राहायचो, वर भाडेकरू. लवळ्याच्या कॉलेजातली मुलं आली आणि गेली, हिंजवडीला जाणारी जोडपी आली आणि गेली. मला भावंड नव्हतं, त्यामुळे भाडेकरू हीच माझी करमणूक. कुणाच्या कुकरची शिट्टी कशी वाजते, कोण मिक्सर पहाटे लावतं, कुणाकडे रात्रीचा तिखटाचा ठसका उठतो, हे सगळं मला खालून ओळखू यायचं. अश्विनीताई वाशिमची. तिच्या घरातून लसणाच्या फोडणीचा आणि भाजलेल्या वांग्यांचा वास यायचा. आई तिला आंबेमोहोराचा गुरगुट्या भात आणि घेवड्याची आमटी पाठवायची. वरून डाळीच्या गोळ्यांची कढी उतरायची. आप्पांना ती कढी इतकी आवडायची, की वाटी रिकामी झाली तरी ते बोटानं कड पुसत बसत आणि आई त्यांच्याकडे डोळे वटारून बघे.

अश्विनीताईच्या नवऱ्याला कंपनीनं वर्षभरासाठी परदेशी धाडलं होतं. ती एकटीच घरून काम करायची. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून कुणाकुणाशी इंग्रजीत बोलायची आणि अधूनमधून "एक मिनिट हं" म्हणून इराच्या मागं धावायची. इरा तशी हसरी पोर. माझी शाळा सुटायची वेळ तिला बरोबर कळे. मी फाटकातून आत आले, की जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलेली असायची आणि "प्राजूताई, दप्तर!" म्हणून माझं दप्तर ओढायची. ते तिला उचलत नसे, मग आम्ही दोघी ते फरपटत घरात न्यायचो. आईला वाटे दप्तर फाटेल. फाटलंही. पण मला त्याचं काही वाटलं नाही, कारण तोवर मी शाळेतून आले म्हणून कुणी जागचं हललं नव्हतं. आयुष्यात पुढं पुष्कळ लोकांनी माझी वाट पाहिली, माझ्या नवऱ्यानं तर एकदा स्टेशनवर पाच तास पाहिली आणि अजून ऐकवतो. पण वाट पाहिली जाण्याचं सुख मला पहिल्यांदा कळलं ते त्या पायरीवर.

तर इराच्या आंघोळीचं बिनसलं ते असं. एका सकाळी अश्विनीताईनं तिच्या डोक्याला शाम्पू लावला आणि नेमकी टाकी संपली. लाइट गेलेली, त्यामुळे मोटर लागेना. बाथरूम काळोखं, दार बंद, पोरीच्या डोळ्यात फेस आणि नळातून नुसता फुस्स आवाज. आई हंडा घेऊन वर पोचेपर्यंत इरा रडून रडून निळी पडली होती. तेव्हापासून बाथरूमचं दार दिसलं की ती जमिनीवर लोळण घ्यायची. तिला कळत होतं ते एवढंच, की तिथं आत नेतात, दार लावतात आणि मग पाणी संपतं. ओल्या फडक्यानं अंग पुसून किती दिवस काढणार? केसांच्या जटा व्हायला लागल्या. बावधनला ती ज्या बालवर्गात जायची तिथल्या बाईंनी अश्विनीताईला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. काय ते तिनं आम्हाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी तिनं चहा अर्धाच प्यायला.

आणि मग वाशिमहून फोन आला. इराचे आजोबा, म्हणजे अश्विनीताईचे वडील, रविवारी येणार होते, तिला घेऊन जायला. "तुझ्यानं एकटीनं होत नाही, नवरा येईपर्यंत पोरगी आमच्याकडे राहील" असं ठरलंसुद्धा. परतीची दोन तिकिटं काढून झाली होती. अश्विनीताई हे आईला सांगताना अगदी शहाण्यासारखी बोलत होती, तिथं अंगण आहे, आजी आहे, वगैरे. आई नुसती हूं हूं करत होती. मी मात्र ताटावरून उठले. त्या काळात मला राग आला की मी ताटावरून उठायची, आणि आई "ऊठ, ऊठ, मांजर हाय खायला" म्हणायची. त्या दिवशी तिनं माझं ताट झाकून ठेवलं.

शुक्रवारी संध्याकाळी अश्विनीताई मोबाइल घेऊन खाली आली. तिला कुठंतरी एक व्हिडिओ सापडला होता. एक गोरी बाई आपल्या बाळाला टबात बसवते, हातात रंग देते. ते बाळ फरशांवर, अंगावर, डोक्यावर रंग फासतं. मग बाई फवारा मारते आणि रंग वाहून जातो. आंघोळ झालेली बाळाला कळतसुद्धा नाही. रंग घरी करायचा. मक्याचं पीठ पाण्यात शिजवायचं, त्यात लहान मुलांचा शाम्पू घालायचा आणि खायचा रंग. आईनं व्हिडिओ दोनदा पाहिला आणि म्हणाली, "ही तर खळ हाय! टोप्यांना घालतो तसली." आप्पांच्या पांढऱ्या टोप्यांना आई तांदळाच्या पिठाची खळ करायची आणि त्या अशा कडक व्हायच्या की आप्पा मान वळवायचे ते टोपी सांभाळून. कोपऱ्यावरच्या दुकानात मक्याचं पीठ नव्हतं. दुकानदार "मैदा न्या, काय फरक पडत न्हाई" म्हणाला. आई म्हणाली, तांदळाचं पीठ असताना मैदा कशाला. खायच्या रंगाची पुडी मात्र तिनं परत पाठवली. "जिलबीचा रंग फासायचा व्हय पोरीला? तोंडात घालंल ती. पोटात चालतं त्येच अंगाला लावू. आनि जे खाता येतं त्ये धुता बी येतंय." हे शेवटचं वाक्य तिनं इतक्या ठामपणे म्हटलं, की मला ते वहीत लिहून घ्यावंसं वाटलं. हळदीनं पिवळी झालेली फडकी आयुष्यभर चोळत आलेल्या बाईनं ते म्हणावं, आणि तिघींपैकी एकीलाही शंका येऊ नये! अतिउत्साहात माणसाची अक्कल गहाण पडते, दुसरं काय.

शनिवारी सकाळी आमच्या ओट्यावर तो कारखाना सुरू झाला. आईनं मोठ्या पातेल्यात खळ शिजवली. उलथन्यावरून ती जाड धारेनं पडायला लागली तेव्हा खाली उतरवली आणि निवल्यावर त्यात शाम्पू घातला. घरभर भाताचा आणि शाम्पूचा मिळून असा काही वास सुटला की आप्पा नाक धरून अंगणात गेले. रंग ठेवायला आईनं इडलीपात्राच्या ताटल्या काढल्या. एका खळग्यात किसलेल्या बिटाचा रस, एकात वाटलेला पालक, एकात कुंपणावरच्या गोकर्णीची फुलं उकळून काढलेलं निळं पाणी. आणि हळद. हळद घरची, परसातल्या वाफ्यातली, आईनं स्वतः उकडून वाळवून दळलेली. तिचा आईला फार अभिमान. बाकीचे रंग फिकुटलेले दिसत होते, म्हणून हळद तिनं सढळ हातानं घातली. पिवळ्याचे सहा खळगे भरले. इरा ओट्याशेजारी स्टुलावर बसून प्रत्येक खळग्यात बोट बुडवून चाटत होती आणि "आवडलं नाही" असं जाहीर करत होती.

अश्विनीताईच्या कचेरीत त्या शनिवारी कसलंसं मोठं काम होतं. ती हेडफोन लावून बसली आणि कामगिरी आई आणि माझ्यावर आली. आम्ही बाथरूमचं दार सताड उघडं ठेवलं, इडलीच्या ताटल्या आत मांडल्या आणि मी आत जाऊन फरशीवर एक मांजर काढलं. इरा दारातून बघत होती. "मिशा राहिल्या," ती म्हणाली. मी म्हटलं, तूच काढ. तिनं एक पाऊल आत टाकलं. मग दुसरं. मिशा काढून झाल्यावर शेपूट, शेपटानंतर मांजराचं पिल्लू, आणि थोड्या वेळानं पोरगी उघडी होऊन स्वतःच्या पोटाला हळदीची खळ फासत होती. आई दारात बसून माझ्याकडे बघून भुवया उडवत होती. झालं की काम! आम्ही दोघी अर्ध्या हळकुंडानं पिवळ्या झालो होतो. आईनं हळूच कोमट पाण्याचा तांब्या घेतला, साबणाची वडी हातावर घासली आणि इराच्या पोटाला फेस लावला.

आणि इरा लाल झाली. पोट, मांड्या, दंड, जिथं जिथं आईचा हात फिरला तिथं तिथं ती लालभडक. आईनं "आगं आई गं!" म्हणून हात मागं घेतला, तर तिचे तळवेही लाल. गंमत अशी, की हळदीला साबण लागला की ती लाल होते हे आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात होतं. परीक्षेत आलं होतं, मी लिहिलं होतं, मार्क मिळाले होते. पण पुस्तकातली हळद आणि आईच्या डब्यातली हळद एकच, हे कुणाच्या डोक्यात येणार? इरा आपल्या पोटाकडे बघत होती, घाबरली वगैरे नव्हती. तेवढ्यात आईचा आवाज ऐकून अश्विनीताई धावत आली. तिनं दारातून ती लाल पोर पाहिली, आईचे लाल हात पाहिले आणि शहरातलं सगळं मराठी विसरून ती किंचाळली, "रगत! काकू, काय झालं वो माह्या लेकराले?" तिच्या किंकाळीनं मात्र इरा दचकली. ताटल्या लाथाडत, आम्हा तिघींच्या मधून निसटून ती बाहेर पळाली आणि पलंगाखाली शिरली. पलंगाखालून तिला काढायला दुपार झाली, आणि निघाली तेव्हा तिच्या अंगावरची खळ वाळून पोपडे पडत होते. ओल्या फडक्यानं पुसलं तर लाल गेलं आणि खालून पिवळं आलं. ते काही केल्या निघेना. फरशांच्या सांध्यांतून, माझ्या नखांतून, पलंगाच्या चादरीवरून, कुठूनच निघेना.

अश्विनीताई आईवर रागावली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. फरशी घासता घासता ती म्हणाली, "राहू द्या काकू. तुम्ही खूप केलंत. बाबा उद्या येतायत, जाऊ दे तिला. मला आंघोळसुद्धा घालता येत नाही माझ्या मुलीला, मी कशाला तिला ठेवून घेऊ?" आई तिच्या शेजारी बसून फरशी घासायला लागली. इराची खेळणी बॅगेत भरायला मदत कर असं अश्विनीताई म्हणाली, तर मी साफ नाही म्हटलं आणि खाली येऊन रडले. मला त्या मुलीचा लळा लागला होता, एवढीच साधी गोष्ट होती आणि ती सांगायला मला कुणी विचारत नव्हतं.

रविवारी सकाळी आप्पा गाडी घेऊन चांदणी चौकात गेले आणि आजोबांना मागं बसवून घेऊन आले. निवृत्त मास्तर, उंच, पांढरा शर्ट, हातात केळ्यांचा घड. अंगणात पाऊल ठेवलं तर समोर नात उभी, कपाळापासून घोट्यापर्यंत पिवळीधमक. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बाप्पा! पोरीले हळद लागली? लगन कोनासंग लावून राह्यले?" आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. अश्विनीताई हसली नाही. आई शरमेनं पदर सावरत पुढं आली. "माजीच करनी हाय ती, मास्तर. पन काळजी करू नगा. हळदीचा डाग साबनाला दाद देत न्हाई, उन्हाला देतोय. लुगडं वाळत घालतो तसं पोरीला उन्हात खेळवू, संध्याकाळपत्तुर फिकं हुतंय."

थंडी सरत आली होती आणि ऊन छान पडलं होतं. म्हैस विकल्यापासून तिचं पाणी पिण्याचं अर्धं कापलेलं निळं पिंप गोठ्यात पालथं पडलं होतं. आप्पांनी ते घासून अंगणात आणलं. मग आईनं एक गोष्ट केली, ती तिला कशी सुचली हे तिनं मला कधी सांगितलं नाही आणि आता विचारायला ती नाही. तिनं घरातल्या सगळ्या बादल्या, हंडे, कळश्या, अगदी लग्नातलं मोठं पातेलंसुद्धा भरून पिंपाभोवती मांडलं. "दिसू दे तिला," एवढंच म्हणाली. इरापुढं कुणी आंघोळीचं नाव काढलं नाही. मी उरलेली खळ घेऊन पिंपाशेजारी बसले. हाताला पिवळं लावलं, वर साबण घासला, हात लाल झाला. पाणी ओतलं, परत पिवळा. इरा आजोबांच्या गुडघ्याला टेकून बघत होती. मी परत केलं. लाल, पिवळा. "माझा," ती म्हणाली आणि बोट पुढं केलं. बोटानंतर हात, हातानंतर पाय. साबण लावल्याशिवाय लाल होत नाही आणि पाणी ओतल्याशिवाय परत पिवळं होत नाही, हा हिशेब तिला एकदा कळल्यावर तीच हुकूम सोडायला लागली. "साबण! पाणी! साबण!" पिंपात ती कधी चढली ते कुणालाच नीट आठवत नव्हतं. आजोबा म्हणत मी उचललं, आप्पा म्हणत मी.

मग तिनं दोन्ही हातांनी खळ घेतली आणि आपल्या डोक्यावर थापली. "इथे साबण."

अश्विनीताई पायरीवर बसली होती. ती उभी राहिली आणि तिनं तोंडावर हात धरला. आईनं इराच्या कपाळावर आडवा तळवा ठेवला, केसांना साबण चोळला. फेस लाल झाला. इरानं डोळे गच्च मिटले. तिचा खालचा ओठ बाहेर आला, तो थरथरायला लागला, आणि मला वाटलं आता आलंच. तिनं एक डोळा उघडला. भोवतीच्या भरलेल्या बादल्या, हंडे, कळश्या बघितल्या. "पाणी," ती म्हणाली. आईनं अख्खी कळशी ओतली. इरा फुरफुरली, खोकली आणि ओरडली, "परत!"

त्या दिवशी दुपारपर्यंत ती पिंपातून निघाली नाही. जटा सुटल्या, बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडल्या. मास्तरांनी खुर्ची ओढून पिंपाजवळ घेतली होती. त्यांचा पांढरा शर्ट केव्हाच कामातून गेला होता आणि बनियनवर पिवळे पंजे उमटले होते. त्यांनी इराला विचारलं, "मंग, चालतं का बेटा माह्यासंग वाशिमले?" तिनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आजोबा, दुसरा हात द्या," ती म्हणाली. मास्तरांनी मुकाट्यानं दुसरा हात दिला. मग त्यांनी आपल्या मुलीकडे बघितलं. अश्विनीताई पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात बसली होती आणि इराच्या पाठीला साबण लावता लावता हसत होती. तिला तसं हसताना आम्हीही त्या घरात पहिल्यांदाच बघत होतो.

"अश्विनी," मास्तर म्हणाले, "एक तिकीट कमी कर."

"बाबा, तुम्हीच तर म्हणाला होतात..."

"म्हनलो होतो. तवा फोनवर आयकलं होतं. आता पाहून राह्यलो."

माझ्या हातातला तांब्या पिंपात पडला. इरानं तो उचलून माझ्याच डोक्यावर रिकामा केला, ते बरं झालं, कारण मी रडतेय हे कुणाला दिसलं नाही. अश्विनीताई मात्र उघड उघड रडत होती आणि साबणाचे हात असल्यानं तिला डोळेही पुसता येत नव्हते. "आणि बाबा, सोमवारी परत रडली तर?" तिनं विचारलं.

"त मंगळवारी घाल," मास्तर म्हणाले.

सोमवारी इरा रडली. खालपर्यंत ऐकू येईल अशी रडली. आईनं भाकरीचा हात थांबवला नाही, आप्पांनी बशीतला चहा संपवला. मंगळवारी आम्ही पिंप उन्हात काढलं.